मोहाचं फूल: पोटाचा हिशोब आणि बाटलीचा हिशोब



दरवर्षी कपाशी निघाली, वावर मोकळं झालं की एक प्रश्न ठरलेला येतो. "धुऱ्यावर मोहाचं जुनं झाड आहे. सावलीत पीक येत नाही. तोडायचं आहे, परवानगी कोण देतं?" आज त्याचं उत्तर देतो. पण नुसतं कार्यालयाचं नाव सांगून मोकळा होत नाही. त्या झाडाला परवानगी लागते ती काहून लागते, आणि इतक्या मोलाचं झाड आपल्याला अडचण काहून वाटायला लागलं, याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो आपल्या वर्धा जिल्ह्यातून गेलेला आहे. तेवढा वाचा, मग कुऱ्हाडीचं ठरवा. पोस्ट लांब आहे, दुपारच्या जेवणानंतर निवांत वाचली तरी चालेल.

आधी झाडाची ओळख. मोह म्हणजे मधुका लाँगिफोलिया, चिकूच्या कुळातलं झाड. पान तोडलं की चिकूसारखाच पांढरा चीक येतो. पानगळीच्या जंगलाचं हे झाड. आपल्याकडं बोरच्या डोंगरात, हिंगणीच्या बाजूनं, आर्वी, आष्टी, कारंजा तालुक्यांत, तिकडं समुद्रपुरात गिरडच्या टेकड्यांवर ते दिसतं. मुरमाड, उथळ, दगडगोट्याच्या जमिनीत ते तग धरतं. पाणी साचणाऱ्या खोल काळ्या जमिनीत मात्र त्याचं मन रमत नाही. म्हणून वावराच्या मधोमध मोह कमी सापडतो. धुऱ्यावर, पडीत आणि टेकडीच्या उतरणीवर तो जास्त.

माघ-फाल्गुनात झाड पानं टाकतं. होळीच्या आगेमागे उघड्या फांद्यांच्या टोकाला कळ्यांचे घोस येतात. फूल उमलतं रात्री. त्याचा वास लांबवर जातो आणि त्या वासावर वटवाघळं येतात. परागीभवनाचं मोठं काम तीच करतात. पहाटे फुलाची मांसल, फिकट पिवळी पाकळीनळी गळून खाली पडते. झाडावर उरतो तो बाहेर डोकावणारा लांब दांडा, आणि त्याच्या मुळाशी पुढचं फळ. हे नीट लक्षात घ्या, कारण असं झाड विरळा. आंब्याचा मोहोर गळला तर आंबा जातो. मोहाचं फूल आपल्याला मिळतं ते त्याचं काम आटोपल्यावर. फूल वेचल्यानं फळाचं काही नुकसान होत नाही. फूलही घ्या आणि नंतर टोळीही घ्या. टोळी म्हणजे मोहाची बी. पूर्व विदर्भात तिला टोरी म्हणतात.

फुलं गळून गेली की तांबूस कोवळी पालवी येते. ऐन वैशाखात, सगळं रान करपलेलं असताना, मोहाखाली गार सावली असते. मृगाच्या आसपास फळं पिकून पडायला लागतात.

आता पोटाचा हिशोब. वाळलेल्या मोहफुलात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर असते. आमच्या घरी आजी फुलं तीन-चार दिवस उन्हात वाळवायची, काठीनं हलकं झोडपून आतले केसर काढायची आणि मडक्यात भरून उतरंडीला ठेवायची. भाजून तिळासोबत कुटली की लाडू. ज्वारीच्या पिठात शिजवली की गोड जेवण. नांगरटीच्या दिवसांत बैलाला कुटारासोबत थोडी उकडलेली फुलं मिळायची. टोळीच्या गरातून वजनाच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत तेल निघतं. थंडीत ते तुपासारखं थिजतं. ते खाण्यात, दिव्यात, साबणात आणि कातड्याला लावायला वापरलं जायचं. आमच्याकडं सालदार होते, गोंड समाजातले, आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. ते म्हणायचे, "पीक बुडलं तं एक साल बुडते बाबू, मोह बुडला तं पिढी बुडते." त्यांच्या घरी लेकीच्या लग्नाला मोहाच्या फांदीचा मान असायचा. मांडव तिच्याशिवाय उभा राहत नसे.

1896-97 आणि 1899-1900 हे दोन मोठे दुष्काळ मध्य प्रांतानं पाहिले. तेव्हा वर्धा याच प्रांतात होता. पाऊस फिरला की ज्वारी जाते, कपाशी जाते. पण मोहाची मुळं खोल आणि दूरवर पसरलेली, त्याला एका पावसाळ्याची तेवढी पर्वा नसते. अशा सालात रानातली फुलं, कंद आणि फळं यांच्यावर गोरगरिबांनी दिवस काढले. त्यात मोह पहिला. म्हणजे हे झाड विम्याचं काम करत होतं, हप्ता न भरता.

मग असं झाड सरकारदरबारी कोणत्या खात्यात नोंदलं गेलं? अन्नात? तेलबियांत? चाऱ्यात? नाही. ते गेलं अबकारीत.

वर्धा जिल्हा 1862 साली नागपूरपासून वेगळा झाला. मुख्यालय आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होतं, 1866 मध्ये ते पालकवाडीला आलं आणि त्या पालकवाडीचं वर्धा शहर झालं. 1867 मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं कापसाला सोन्याचा भाव आलेला होता आणि हिंगणघाटचा कापूस विलायतेला ओळखीचा झाला होता. नवीन सरकारला आपल्या जिल्ह्यात दोन गोष्टी दिसल्या. काळ्या जमिनीत कापूस, आणि गावोगावच्या भट्ट्यांत महसूल.

मध्य प्रांतात देशी दारू म्हणजे मुख्यत्वे मोहाची दारू. सुरुवातीच्या पद्धतीत एखाद्या जागी भट्टी लावायचा हक्क लिलावात जायचा. जो जास्त बोली लावेल तो गाळेल आणि विकेल. पुढं ठरावीक ठिकाणी गाळून ठेकेदारामार्फत पुरवायची पद्धत आली. पद्धत कोणतीही असो, अबकारी ही सरकारच्या उत्पन्नाची मोठी बाब होती. घरच्या सणाला, देवाला चढवायला गाळलेली घोटभर दारू आता गुन्हा झाली. ठेकेदाराच्या दुकानातली विकत घेतलेली बाटली मात्र कायदेशीर. झाड तेच, फूल तेच, भट्टीही तीच. फरक पावतीचा.

मुंबई इलाख्यात तर सरकार याच्याही पुढं गेलं. तिथं 1892 साली खास मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा झाला, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. घरात फुलं ठेवण्यावरच बंधन आलं. सरकारचा तर्क असा की फूल घरी असलं म्हणजे माणूस दारू गाळणारच. तिथले आदिवासी ती फुलं खातात, हे माहीत असूनही हिशोब बाटलीचाच झाला.

आपल्याकडं 1915 मध्ये मध्य प्रांताचा अबकारी कायदा आला. मग 1927 चा भारतीय वन कायदा. हा कायदा आजही लागू आहे. त्यातली एक ओळ प्रत्येक शेतकऱ्यानं समजून घ्यावी अशी आहे. वनोपज कशाला म्हणायचं याची यादी त्यात आहे आणि तिचे दोन भाग आहेत. काही वस्तू जंगलात सापडल्या किंवा जंगलातून आणल्या तरच वनोपज ठरतात. काही वस्तू मात्र कुठंही सापडल्या तरी वनोपजच. या दुसऱ्या भागात लाकूड, कोळसा, लाख, हिरडा यांच्यासोबत मोहाची फुलं आणि मोहाच्या बिया नाव घेऊन लिहिल्या आहेत. म्हणजे आजोबानं जपलेलं झाड, धुरा आपला, सातबारा आपला, पण खाली पडलेलं फूल कायद्याच्या पुस्तकात वनोपज. तूर बाजारात न्यायला कोणी अडवत नाही. मोहफुलाचं पोतं बंडीत टाकलं की विचारणा व्हायची, कुठून आणलं, कुठं चाललं, पास आहे का.

गावाच्या हद्दीतली पडीत जमीन, झुडपी जंगल, त्यातली झाडं ही त्या काळी मालगुजाराच्या ताब्यात. गावकऱ्यांचे चराईचे, सरपणाचे, फळा-फुलाचे रिवाज वाजिब-उल-अर्ज या गावाच्या कागदात नोंदले जायचे. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी संपली आणि 31 मार्च 1951 पासून हे गावरान सरकारकडं आलं. त्यानंतर निस्तार पत्रकं झाली. विदर्भातल्या गावांना निस्तार आणि वाजिब-उल-अर्ज हे शब्द आजही लागू आहेत, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत त्यांची कलमं आहेत. तुमच्या गावाचं निस्तार पत्रक तहसीलमध्ये मागून एकदा वाचा. कोणत्या गट नंबरातल्या रानावर गावाचा काय हक्क लिहिलेला आहे ते कळेल.

या सगळ्या काळात मोहाकडं बाटलीशिवाय दुसऱ्या नजरेनं पाहता येतं, असं सांगणारी माणसं आपल्याच वर्ध्यात होती. डिसेंबर 1934 मध्ये गांधीजींच्या पुढाकारानं अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्यात सुरू झाला. जागा मगनवाडी. कामाची धुरा जे. सी. कुमारप्पा यांच्याकडं. अर्थशास्त्र शिकलेला, मुंबईत हिशोब तपासनिसाचा धंदा केलेला माणूस. तो वर्ध्यात येऊन घाणी, गूळ, कागद, मधमाशी यांचा हिशोब मांडत बसला. झवेरभाई पटेलांनी तिथं तेलाच्या बैलघाणीवर काम केलं, तिची रचना सुधारली. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा कंदील तिथंच तयार झाला, त्याचं नाव मगनदीप. 30 डिसेंबर 1938 ला गांधीजींच्या हातानं मगन संग्रहालय उघडलं. आजही ते उभं आहे. वर्ध्याला गेलात तर बाजार-दवाखान्याच्या फेरीत तासभर काढून पाहून या, पोरांनाही दाखवा.

मगनदीपाचा विचार साधा होता. गावाबाहेरून येणाऱ्या तेलावर दिवा लावला की पैसा गावाबाहेर जातो. गावच्या झाडाच्या तेलावर लावला की बी वेचणारी बाई, घाणीवाला तेली आणि दिवा लावणारं घर, तिघांच्या हातात तो फिरतो. मोह, करंज, कडुनिंब ही आपल्या धुऱ्यावरची झाडं, तिन्हीच्या बीत तेल. याच काळात मध्य प्रांतातल्या काँग्रेस मंत्रिमंडळानं प्रांताच्या उद्योगांची पाहणी करायला समिती नेमली. कुमारप्पा तिचे अध्यक्ष. 606 गावांची पाहणी करून 1939 पासून तिचे अहवाल आले. जंगल हे सरकारला महसूल मिळावा म्हणून राखायचं की आसपासच्या लोकांची गरज भागावी म्हणून, हा कुमारप्पांचा कायमचा प्रश्न होता. पण लगेच महायुद्ध लागलं, मंत्रिमंडळ गेलं आणि गावच्या तेलाचा हिशोब कागदावरच राहिला. पुढं गावोगाव रॉकेल आलं, मग वीज आली, साबण शहरातून आला, घाणी बसल्या. टोळी वेचून करायचं काय, असा प्रश्न पडायला लागला.

1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. मुंबईचा 1949 चा दारूबंदी कायदा आपल्याकडंही लागू झाला. त्या कायद्यात मोहफुलाचा उल्लेख आहे. फुलं बाळगणं, विकणं, नेणं यावर नियंत्रण. तोवर सरकारमान्य देशी दारू मळीपासून होऊ लागली होती. साखर कारखान्याच्या मळीला कायद्याचं छत्र मिळालं आणि मोहफुलाला पोलिसाची भीती उरली.

1964 मध्ये महाराष्ट्राचा झाडं तोडण्याबाबतचा कायदा आला. त्याच्या अनुसूचीत सोळा झाडं आहेत. साग, हिरडा, चिंच, आंबा, जांभूळ, खैर, ऐन, बिजा, हळदू, तिवस, अंजन अशांच्या रांगेत मोहही आहे. ही झाडं खाजगी जमिनीवर असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. सुरुवातीच्या प्रश्नाचं सरळ उत्तर हे. अर्ज कुठं द्यायचा ते तलाठी कार्यालयात किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात सांगतात. परवानगीशिवाय ठेकेदाराला झाड विकू नका. "कागदाचं मी पाहून घेतो" असं तो सांगतो, पण जमीन तुमच्या नावावर असते, ठेकेदाराच्या नाही.

मग 1975. गांधीजी-विनोबांचा जिल्हा म्हणून वर्ध्यात संपूर्ण दारूबंदी झाली. मी दारूची बाजू घेत नाही, हे स्पष्ट लिहितो. दारूनं बसलेली घरं गावोगाव आहेत, त्या घरातल्या बायांनी केलेली आंदोलनं आपण डोळ्यानं पाहिली आहेत. त्यांचा राग खरा आहे. पण बंदीनंतर मोहाच्या वाट्याला काय आलं ते पाहा. पेपर उघडा, वर्धा जिल्ह्याच्या पानावर मोहाचं नाव कशात येतं? "मोहा सडवा नष्ट." छापा, ड्रम, लाथाडलेली मडकी, फोटो. लहान पोराला विचारा, मोह म्हणजे काय, तो दारू म्हणतो. झाड दाखवा म्हटलं तर ओळखत नाही. दीडशे वर्षं सरकारनं ज्या खात्यात नोंद केली, त्याच खात्यात आता आपलंही डोकं नोंद करतं.

आणि यात सगळ्यात मोठं नुकसान झालं ते झाडाच्या पुढच्या पिढीचं. ज्याच्यापासून घरात काही येत नाही, ते झाड कोणी लावत नाही. आमच्या शिवारात जे मोह उभे आहेत ते आजोबा-पणजोबांच्या काळचे. त्यांच्याखाली मांडीएवढ्या जाडीचं तरुण झाड शोधा, सापडत नाही. तुमच्या शिवारात जाऊन पाहा आणि कमेंटमध्ये लिहा. कारणं सगळ्यांना दिसणारी आहेत.

पहिलं कारण आग. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. फाल्गुन-चैत्राची ती आग झाडाखालचं प्रत्येक रोप संपवते, वाऱ्यानं पसरली तर रान पेटवते, आणि मोठ्या झाडाच्या बुडाची सालही भाजते.

दुसरं कारण टोळी. मोहाच्या बीत जीव फार थोडे दिवस राहतो, काही आठवडे. तुरीसारखी ती पुढच्या सालाला ठेवता येत नाही. जी वेचली ती गेली, जी राहिली ती मृगाच्या पावसात लगेच उगवली तरच. आणि ते कोवळं रोप चरणाऱ्या ढोरांच्या, शेळ्यांच्या तोंडात जातं.

तिसरं कारण बांडगूळ. जुन्या मोहावर ते जोरात चढतं आणि फांद्या वाळवतं. पूर्वी पोरं चढून तोडायची, शेळ्यांना तो पाला व्हायचा. आता चढणारं कोणी नाही.

चौथं कारण वटवाघूळ. 1972 च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणाऱ्या वटवाघळांचं नाव उंदीर आणि कावळ्यासोबत उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होतं. म्हणजे रात्री येऊन जो मोहाचं लगीन लावतो, त्याची नोंद चोरात. 2022 च्या दुरुस्तीनं ती यादीच काढून टाकली, हे बरं झालं. आपल्या गावच्या वडा-चिंचेवर वटवाघळांची वसाहत असेल तर तिला धूर-फटाके करू नका.

जंगलाच्या बाजूनंही हा विषय आपल्याशी जोडलेला आहे. बोर 1970 मध्ये अभयारण्य झालं आणि 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प. मोहाची फुलं चितळ, सांबर, वानर, अस्वल सगळे खातात. पहाटे फुलं वेचायला जाणारी माणसं आणि अस्वल एकाच झाडाखाली, एकाच वेळी येतात, म्हणून फुलांच्या दिवसांत हल्ले होतात. जंगलात मोह आटले की ती जनावरं कुठं येतील? रोही आणि डुकरांनी आधीच जागली करायला लावलीच आहे.

आता बदल काय झाला तो सांगतो, कारण इतिहास इथं थांबत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यानं परंपरेनं गोळा होत आलेल्या गौण वनोपजावर ते गोळा करायचा, वापरायचा, विकायचा मालकी हक्क वनहक्कधारकांना दिला. आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळं पेसा कायदा इथं लागत नाही. वनहक्क कायदा मात्र लागतो. आदिवासी तर त्यात आहेतच, तीन पिढ्या जंगलावर अवलंबून असलेले इतर पारंपरिक वननिवासीही आहेत. मग 2021 मध्ये महाराष्ट्र सरकारनं मोहफुलं गोळा करणं, साठवणं, वाहतूक करणं यावरचे जुने निर्बंध उठवले. त्याच सुमारास शेजारच्या मध्य प्रदेशानं मोहाच्या दारूला वारसा दारू म्हणून मान्यता देणारं धोरण आणलं. तो त्यांचा मार्ग. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि मला विचाराल तर ही आपल्यासाठी संधी आहे. दारूचा मार्ग बंद असलेल्या जिल्ह्यानंच मोहाचं खाणं, तेल आणि साबण उभं करावं. लाडू, पाक, जॅम, मनुकांसारखी वाळवलेली स्वच्छ फुलं, टोळीचं तेल. मगनवाडीच्या त्याच आवारात आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, ग्रामोद्योगाचं तंत्र शिकवते. बचत गटानं तिथं जाऊन विचारायला काय हरकत आहे? फुलं विकायला काढण्याआधी मात्र सध्याचे नियम तालुक्याच्या ठिकाणी विचारून घ्या. वाहतुकीच्या कागदावरून वाद नको.

कृषी सहायक आणि कृषी पदवीधर मंडळी हे पेज वाचतात, त्यांच्यासाठी आणि आपल्या सगळ्यांसाठी कामाच्या गोष्टी खाली एकत्र देतो.

1. आग बंद. झाडाखाली जुनी साडी, शेडनेट किंवा हिरवी जाळी खांबांना बांधून जमिनीपासून वर ताणा. फुलं जाळीत पडतात, माती लागत नाही, कंबर वाकत नाही. माती न लागलेल्या फुलाला दरही बरा मिळतो. पाचोळा गोळा करून कंपोस्टच्या खड्ड्यात टाका.

2. रोपं करायची तर ताजी टोळीच घ्या. फळ पडल्यापासून दोन-तीन आठवड्यांच्या आत पेरा. किलोत साधारण साडेचारशे बिया बसतात. सोटमूळ लवकर खोल जातं, म्हणून पिशवी उंच घ्या. बी दोन सेंटिमीटरपेक्षा खोल नको.

3. ज्या झाडाची फुलं मोठी आणि गोड, त्याचीच बी घ्या. झाडाझाडात फार फरक असतो, हे गावातल्या वेचणाऱ्या बाया बिनचूक सांगतात. त्यांना विचारून झाडावर चुन्याची खूण करा.

4. बियांपासून केलेलं झाड फुलायला आठ-दहा वर्षं किंवा जास्तही घेतं. कलमी झाड बरंच लवकर येतं. गुजरातमध्ये गोध्र्याच्या केंद्रीय बागायती प्रयोग केंद्रानं मोहाची थार मधु ही निवडक जात दिली आहे. कोवळ्या काडीचं कलम आपल्या शिवारातल्या चांगल्या झाडावरूनही बांधता येतं.

5. जागा धुऱ्याची, मुरमाड पडीताची किंवा नाल्याच्या उंच काठाची निवडा. दोन झाडांत आठ ते दहा मीटर अंतर ठेवा. काळ्या वावराच्या मधात लावू नका, तिथं पिकाचंही नुकसान आणि झाडाचंही. पहिली तीन वर्षं काटेरी कुंपण हवंच.

6. मोहाच्या ढेपेत सॅपोनिन असतं. ती ढोरांना चारू नका. तळ्यात, शेततळ्यात गेली तर मासे मरतात. खत म्हणून वापरता येते, पण जास्त टाकली तर गांडुळंही मरतात. म्हणून थोडी, निंबोळी ढेपेत मिसळून, आधी कुजवून टाका.

7. बांडगूळ दिसलं की ते चिकटलंय त्याच्या खालून फांदी कापा. नुसता पाला ओढला तर पुन्हा फुटतं.

8. ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये बांधावरची झाडं नोंदवायची सोय आहे. पीक नोंदवता तेव्हा मोहही नोंदवा. नुकसानीचा, संपादनाचा, भावाभावातल्या वाटणीचा प्रश्न आला की कागदावर नसलेलं झाड कोणी मोजत नाही.

शेवटचा मुद्दा आठव्या क्रमांकालाच धरून आहे. आजवर मोहाची नोंद दुसऱ्यांनी केली. अबकारीवाल्यानं दारू लिहिली, वन कायद्यानं वनोपज लिहिलं, पोलिसानं सडवा लिहिला. ज्याच्या धुऱ्यावर झाड आहे आणि ज्या बाईच्या टोपलीत फूल पडतं, त्यांनी कुठं काही लिहिलंच नाही. सावलीमुळं दोन तासं कपाशीची कमी येतात, हे आपण लगेच मोजतो. त्याच झाडाचं फूल, टोळी, तेल, पाला, बैलाची सावली आणि दुष्काळी सालातला आधार एका कागदावर मांडून मोजला आहे का कोणी? या हंगामात मोजा. एका झाडाची फुलं वाळवून तोला, टोळी तोला, बाजारात दर विचारा. मग दोन तासांच्या कपाशीशी तुलना करा आणि आकडे इथं टाका. तोडायचं की ठेवायचं ते तुमच्या आकड्यावर ठरू द्या.

फुलं संपली की पुढची तारीख मृगाची. तेव्हा दहा टोळ्या पिशवीत लावा. एवढंच काम सांगतो.

रामराम.